गाडी सोडून सायकलनं कामावर: जुलै बघितल्याशिवाय निर्णय नको

घरापासून कामाची जागा आठ किलोमीटरच्या आत असेल, तर बेळगावातल्या बहुतेक धडधाकट माणसाला रोज सायकलनं जाता येतं. ते जमेल का हा प्रश्न तसा सोपा आहे. खरा प्रश्न दारातल्या चारचाकीचा आहे. ती ठेवायची की विकायची? इथं घाई होते. नोव्हेंबरात सुरुवात केलेल्या माणसाला थंड हवा मिळते, रस्ता कोरडा असतो, दीड महिन्यात पाय तयार होतात. संक्रांतीपर्यंत गाडी विकली जाते आणि जूनच्या मध्यावर तोच माणूस रोज सकाळी रिक्षा शोधत उभा राहतो.

म्हणून क्रम असा ठेवा: रस्ता तपासा, हिशोब मांडा, कामाच्या जागेची सोय बघा, सायकल नीट करून घ्या, आठवड्यातून दोनच दिवस सायकल नेऊन सुरुवात करा, एक पावसाळा काढा. विक्रीचे कागद त्यानंतर.

१. रस्ता आधी

मोबाइल दाखवतो तो गाडीचा रस्ता. सायकलचा रस्ता आपला आपण शोधावा लागतो आणि तो एक-दीड किलोमीटर लांबचा निघाला तरी बहुधा तोच बरा पडतो.

वेळ मोजताना ताशी १२ ते १५ किमी वेग धरा. चौक आणि रेल्वे फाटक धरून ५ किमीला साधारण २५ मिनिटं, ८ किमीला ४० मिनिटं आणि १२ किमीला तास लागतो. पोचल्यावर घाम पुसून कपडे बदलायला आणखी १० मिनिटं. टिळकवाडी, अनगोळ, शहापूर, वडगाव इथून उद्यमबागेत किंवा कॅम्पात जाणाऱ्यानं फार विचार करू नये, सरळ सुरुवात करावी. शाहूनगर किंवा सदाशिवनगरहून उद्यमबाग, शहरातून मच्छे, शहरातून सांबरा ही अंतरं जमण्यासारखी आहेत, पण गिअरची सायकल लागेल आणि अंगाला सवय व्हायला महिना जाईल. होनगा आणि शिनोळी इथं रोज दोन्ही वेळा साध्या सायकलनं जाणं नवख्याला झेपत नाही. त्यांच्यासाठी बॅटरीच्या सायकलीचा पर्याय पुढं दिला आहे.

रस्ता ठरवताना चार गोष्टी बघा.

पहिली म्हणजे जड वाहनं. गोगटे सर्कलपासून उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छेकडं जाणारा खानापूर रोड सकाळी साडेआठ ते साडेनऊ बस, ट्रक आणि कारखान्यांच्या गाड्यांनी भरलेला असतो. कडेला थांबलेल्या टेम्पोला वळसा घालताना सायकल मधे येते आणि मागून बस येत असते. त्यापेक्षा काँग्रेस रोड धरून टिळकवाडीच्या आतल्या रस्त्यांनी आणि अनगोळमार्गे उद्यमबागेत शिरणं शांत पडतं. फाटक बंद सापडण्याची शक्यता धरूनच निघा. फाटकाखालून सायकल वाकवून नेणारे रोज दिसतात. त्यांच्या मागं जाऊ नका.

दुसरी म्हणजे हमरस्ता. पुणे-बंगळूर महामार्गावर सायकल सर्व्हिस रोडवरूनच चालवायची. सर्व्हिस रोड जिथं संपून मुख्य रस्त्याला मिळतो ती जागा सगळ्यात धोक्याची. मागून येणारा ट्रक उतारावर असतो आणि त्याला सायकल उशिरा दिसते. अशा जागी उतरून सायकल हातानं न्या. काकतीपलीकडचा वंटमुरी घाट आणि निपाणी-संकेश्वर दरम्यानचा तवंदी घाट रोजच्या ये-जा करण्याच्या वाटा नव्हेत.

तिसरी गोष्ट वारा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, जोरात येतो आणि दिवसच्या दिवस थांबत नाही. हिंडलगा-सुळगा भागात राहून शहरात कामाला येणाऱ्याला सकाळी वारा पाठीमागून मिळतो आणि संध्याकाळी दमलेल्या अंगानं तोच वारा छातीवर घ्यावा लागतो. वेंगुर्ला रोडनं पश्चिमेला जाणाऱ्याचं उलट: सकाळ जड, परतणं हलकं. समोरच्या वाऱ्यात ताशी १५ चा वेग सहज १० वर येतो, म्हणजे ४० मिनिटांचा रस्ता तासाचा होतो. नोव्हेंबरात मोजलेली वेळ जुलैला चालत नाही ती यामुळं.

चौथी म्हणजे उजेड. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे जनरल शिफ्टवाल्याचंही परतणं अंधारातच. ज्या रस्त्याला दिवे नाहीत, तो सकाळसाठी ठेवा आणि संध्याकाळी दुसऱ्या रस्त्यानं या. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता एकच असायला हवा असं काही नाही.

हे सगळं एका रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर बघा आणि मग एकदा कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला, कामावर न जाता. दुसरी फेरी टाळू नका. रविवारी मोकळा दिसलेला चौक सोमवारी सव्वानऊला ओळखू येत नाही.

२. गाडीचा खरा हिशोब

पेट्रोलचा खर्च डोळ्यांपुढं असतो, बाकीचा दिसत नाही. एक उदाहरण मांडतो. त्यात आपले आकडे घाला.

चार लाखांच्या आसपास किमतीची जुनी पेट्रोल गाडी. कामाची जागा ८ किमीवर, महिन्याला २५ दिवस. म्हणजे ४०० किमी. शहरात लिटरला १३ किमी धरले तर ३१ लिटर. १०३ रुपये दरानं महिन्याला ३,२०० रुपयांच्या आत-बाहेर, वर्षाला ३८,४००. शिवाय विमा १०,०००, सर्व्हिसिंग आणि सुटे भाग ७,०००, टायर-बॅटरीचा वार्षिक वाटा ५,००० आणि गाडीची किंमत उतरते तो घसारा ३५,०००. ही बेरीज ५७,०००. म्हणजे वर्षाला साधारण ९५,०००, आणि गाडी कर्जावर असेल तर व्याज वेगळं.

आता बघा. सायकल सुरू करून गाडी दारात ठेवली, तर वाचतात फक्त पेट्रोलचे ३८,००० आणि सर्व्हिसिंगमधले थोडेफार. ५७,००० चा मोठा भाग चालूच राहतो, कारण उभ्या गाडीचाही विमा भरावा लागतो आणि तिची किंमतही उतरते. गाडी विकली तर सगळे वाचतात, पण दुसरा खर्च उभा राहतो. लग्नकार्य, गावची जत्रा, दवाखाना यांसाठी वर्षाला २० दिवस भाड्याची गाडी २,००० रुपये रोजानं म्हणजे ४०,०००. रिक्षा-बससाठी ६,०००. सायकलची निगा ३,०००. एकूण ४९,०००. शिल्लक ४६,०००, आणि पहिल्या वर्षी सायकल व सामानाचे २५,००० त्यातून वजा करा.

भाड्याच्या दिवसांचा आकडा खरा लिहा. सगळा निकाल त्याच्यावर ठरतो. घरात वयस्कर आई-वडील असतील आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावं लागत असेल, तर गाडी ठेवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्या घरात दोन चारचाकी आहेत तिथं एक विकणं जवळपास नेहमीच फायद्याचं ठरतं.

बायकांच्या बाबतीत एक आकडा बदलतो. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या रहिवासी महिलांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. त्यामुळं पावसाच्या दिवशी सायकल घरी ठेवून सीबीटीची (मध्यवर्ती बसस्थानकाची) बस धरली तर खर्च शून्य. कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. चंदगड-कोल्हापूरकडच्या महाराष्ट्र एसटीत ही योजना चालत नाही, तिथं महिलांना अर्धं तिकीट आहे.

३. कामाच्या जागी विचारून ठेवा

तीन प्रश्न पुरे. सायकल छपराखाली आणि पहारेकऱ्याच्या नजरेत ठेवता येईल का? कपडे बदलायला जागा आहे का? ओले कपडे दिवसभर वाळत कुठं घालायचे? फौंड्री आणि मोठ्या कारखान्यांत कपडे बदलायची खोली असतेच, त्यामुळं तिथलं काम सोपं. बँक, शाळा, दुकान, सरकारी कचेरी इथं अडचण तिसऱ्या प्रश्नाची येते. जुलैत ओला रेनकोट गुंडाळून टेबलाखाली ठेवला की संध्याकाळी त्याला कुबट वास येतो आणि दोन आठवड्यांत माणूस सायकलला कंटाळतो. छपराखाली एक दोरी आणि दोन चिमटे एवढ्यावर हा प्रश्न सुटतो, पण आधी विचारावं लागतं.

कामाच्या जागी एक इस्त्रीचा जोड, बूट, टॉवेल आणि कंगवा कायम ठेवा. घाम कमी यावा म्हणून शेवटचा एक किलोमीटर मुद्दाम सावकाश चालवा. डबा पाठीवरच्या पिशवीत नको. पाठ भिजते आणि आमटी सांडते. मागच्या कॅरियरला बाजूनं लावायची पिशवी घ्या, डबा तीत उभा राहतो.

४. सायकल: जुनी काढा किंवा नवी घ्या

बेळगावात अनेक घरांत माळ्यावर किंवा जिन्याखाली जुनी सायकल असते, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीला बाहेर निघणारी. ५ किमीपर्यंतच्या सपाट रस्त्याला ती पुरते. फक्त हवा भरून रोज चालवायला घेऊ नका, आधी ओव्हरहॉलिंग करून घ्या. मिस्त्रीला नेमकं काय सांगायचं ते असं:

दोन्ही टायरच्या बाजूच्या भिंती वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या तर टायर बदला, नक्षी शिल्लक असली तरी. पुढच्या-मागच्या हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) आणि क्रँकचे (पायडलच्या दांड्याचे) छर्रे काढून धुऊन नवीन ग्रीस भरायला सांगा. छर्रा खडबडीत झाला असेल तर सगळा संच बदला, एकटा नवा छर्रा टिकत नाही. पायडल फिरवताना टक् टक् असा आवाज येऊन क्रँक हलत असेल तर कॉटर पिन (क्रँक घट्ट धरणारी खीळ) झिजली आहे. ती ठोकून बसवली तर चार दिवस चालते, मग पुन्हा हलते. नवी घाला. चाक फिरवून रिम ब्रेकच्या जवळ-लांब होते का बघा. होत असेल तर आरे आवळून आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून घ्या.

चेन पट्टी लावून मोजा. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनीत बरोबर १२ इंच भरतात. १२ आणि १/१६ इंच भरले की चेन बदला. १/८ पर्यंत ताणू दिली तर ती फ्रीव्हीलचे (मागच्या दातेरी चक्राचे) दातही खाते. मग नवी चेन जुन्या दातांवर सटकते आणि दोन्हींचा खर्च अंगावर येतो.

रोजच्या ८-१० किमीसाठी नवी घेणार असाल तर १५,००० ते २५,००० रुपयांत चांगली साधी हायब्रिड मिळते. काय बघायचं? रिम ॲल्युमिनियमची असावी. चमकणारी लोखंडी रिम पावसात ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागत नाही, आणि या भागात चार महिने पाऊस आहे. टायर ७०० बाय ३५ ते ४० किंवा २६ बाय १.७५ ते २ रुंदीचा. याहून बारीक टायर खड्ड्यात रिम वाकवतो. गिअर पुढं एक आणि मागं सात-आठ एवढेच पुरेत. पुढच्या स्प्रिंगच्या चिमट्याला पैसे घालू नका. स्वस्तातला तो चिमटा सायकल जड करतो आणि दोन पावसाळ्यांत गंजून बसतो. मडगार्ड आणि कॅरियर बसवायची भोकं फ्रेमला आहेत का, हे विकत घेण्याआधी बोट लावून तपासा. दिसायला देखण्या बऱ्याच सायकलींना ती नसतात.

व्हॉल्व्हही बघा. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह घ्या, म्हणजे कुठल्याही पंपावर हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्हला वेगळी टोपी लागते, ती रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडं बहुधा नसते.

सीटची उंची तर आजच लावून घ्या. सीटवर बसून पायडल सगळ्यात खाली आणा आणि टाच त्यावर ठेवा. गुडघा सरळ व्हायला हवा. मग पावलाचा पुढचा भाग ठेवला की गुडघ्यात हलका वाक येतो, तीच बरोबर उंची. आपल्याकडं सायकल 'दोन्ही पाय जमिनीला टेकावेत' म्हणून खाली बसवून देतात आणि महिनाभरात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागतं. गुडघेदुखीचं दुसरं कारण जड गिअर. पायडल मिनिटाला ७० च्या आसपास फिरेल असा हलका गिअर ठेवा.

बॅटरीच्या सायकलीबद्दल: मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किमीपर्यंत मर्यादित असेल तर नोंदणी आणि लायसन लागत नाही. होनगा किंवा शिनोळीसाठी, किंवा पन्नाशीच्या पुढं, हा पर्याय चांगला आहे. बॅटरी काढून घरात चार्ज करता येते का ते बघा, आणि कंपनी सांगते त्याच्या दोन तृतीयांशच अंतर धरा. समोरच्या वाऱ्यात तेवढंच मिळतं.

सोबतचं सामान: दोन टायर लिव्हर, एक जादा ट्यूब, पॅच-सोल्यूशन, छोटा पंप, ४-५-६ मिमीच्या ॲलन की आणि चाकाच्या नटाला बसणारा पाना. सायकल फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही धरून लोखंडी खांबाला बांधता येईल असं कुलूप. हेल्मेट.

पंक्चरबद्दल एक गोष्ट उद्यमबागेत कामाला जाणाऱ्यांसाठी खास. भंगाराच्या टेम्पोमधून लेथवरच्या लोखंडाच्या कुरळ्या चिप्स रस्त्यावर सांडतात. त्या टायरमध्ये शिरून तिथंच बसतात. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून ती चिप शोधून काढा, नाही तर पाव तासात दुसरं पंक्चर. ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं दिसली तर कारण वेगळं: हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमनं ट्यूब चिमटली. टायरच्या कडेला लिहिलेल्या दाबाच्या मर्यादेत हवा दर आठवड्याला भरत गेलं की ही दोन भोकांची पंक्चरं जवळपास बंद होतात. ७०० बाय ३५ ला साधारण ६० पीएसआय, २६ बाय १.९५ ला ४५.

५. पहिले दोन महिने

पहिले दोन आठवडे मंगळवार आणि गुरुवार, एवढंच. पुढचे दोन आठवडे तीन दिवस. मग चार. रोज सुरू केलेलं पहिल्याच आठवड्यात मांड्या दुखून सुटतं. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा आणि रिकाम्या पोटी निघू नये. छातीत दुखलं किंवा जबडा-हात भरून आला तर तिथंच थांबायचं, पुढं रेटायचं नाही.

रस्त्यावर डावी कड घट्ट धरू नका. कडेला खडी, गटाराची झाकणं आणि उघडणारी गाड्यांची दारं असतात. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चालवा. उभ्या गाड्यांमधून आत-बाहेर करत गेलं की मागच्याला अंदाज येत नाही. वळण्याआधी मागं बघा, मग हात दाखवा, मग वळा. आपल्याकडं उजवा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो. थांबवण्याचं मुख्य काम तोच करतो, म्हणून दोन्ही एकत्र दाबायची सवय लावा.

एक छोटी वही ठेवा: तारीख, लागलेली वेळ, काय बिघडलं, आणि सायकल न नेल्यास का नेली नाही. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगाचा. दोन महिन्यांनी बघितलं की कारण दिसतं. 'मुलाला शाळेत सोडायचं होतं' हे दहा वेळा लिहिलेलं असेल तर प्रश्न सायकलचा नाही, शाळेच्या वेळेचा आहे आणि त्याची सोय वेगळी करावी लागेल.

६. पावसाळा

बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिमी पाऊस पडतो आणि खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडं तर कितीतरी जास्त. त्यातला मोठा भाग जून ते सप्टेंबरात आणि जुलै सगळ्यात जड.

पोंचो घेऊ नका. पश्चिमेचा वारा त्यात भरतो आणि सायकल ओढतो. पाठीवर हवा जायची फट असलेला रेनकोट आणि वेगळी पँट बरी. उजव्या पायाची पँट घोट्याला पट्टीनं बांधा, नाही तर चेनीत अडकते. चामडी बूट कामाच्या जागी ठेवून मागं पट्टा असलेल्या रबरी सँडल घाला. मडगार्ड पूर्ण लांबीचं हवं आणि पुढच्या मडगार्डाला खाली रबरी फडका हवा. तो नसेल तर चाकावरचा चिखल थेट चेनीवर आणि पायावर उडतो.

ब्रेक ओला असताना आधी हलका दाबून रिम पुसून घ्यायची आणि मग जोर लावायचा. थांबायला नेहमीपेक्षा दुप्पट अंतर धरा. ब्रेकच्या रबरात वाळूचे कण रुततात आणि रिम कोरतात. आठवड्यातून एकदा ते टाचणीनं काढा. एका पावसाळ्यात रबराचा एक जोड संपतो हे धरूनच चाला.

रोज घरी आल्यावर चेन फडक्यानं पुसायची. आठवड्यातून दोनदा प्रत्येक कडीला थेंबभर इंजिन ऑइल, मागं सावकाश फिरवत, आणि वरचं तेल पुसून टाकायचं. बाहेर राहिलेलं तेल चिखल धरतं आणि तो चिखल कानसेसारखा चेन घासतो. शिलाई मशीनचं पातळ तेल कोरड्या दिवसांत ठीक आहे, पहिल्याच पावसात ते धुऊन जातं. खोबरेल तेल कधीही नको, ते थंडीत थिजतं.

रस्त्यावर: रेल्वेचे रूळ काटकोनात ओलांडा. तिरपं गेलात तर चाक रुळाच्या फटीत शिरतं आणि ओल्या लोखंडावर सावरायला वेळच मिळत नाही. पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं यांच्यावर वळू नका, ब्रेक मारू नका. तळ दिसत नाही त्या डबक्यात चाक घालू नका. येळ्ळूर, धामणे, वडगावच्या शिवाराकडून येणाऱ्यांनी रोप लावणीच्या दिवसांत रस्त्यावरच्या चिखलाकडं लक्ष द्यावं. केजव्हीलचे (चिखलणीच्या लोखंडी चाकांचे) ट्रॅक्टर भाताच्या खाचरांतून थेट डांबरावर येतात आणि मागं गुळगुळीत गाळाचे पट्टे सोडतात. वळणावर असा पट्टा असेल तर उतरा.

एप्रिल-मे महिन्यांतला वळीव याहून वेगळा. तो संध्याकाळी अचानक येतो, विजांसह. झाडाखाली थांबू नका. पक्क्या इमारतीत जा आणि अर्धा तास जाऊ द्या. उशीर होईल तो होऊ दे.

मुसळधार पावसाच्या दिवशी सायकल न नेणं यात काही गैर नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कामाच्या दहा दिवसांपैकी सहा-सात दिवस सायकल गेली तर प्रयोग यशस्वी समजा. चारच्या खाली आली तर गाडी विकू नका.

७. ऊस, अंधार आणि कुत्री

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाच्या ट्रॉल्या. काकतीचा मार्कंडेय कारखाना असो की संकेश्वर, चिकोडी, निपाणीचा पट्टा असो, ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असतात. वळणावर दुसरी ट्रॉली आतल्या बाजूला सरकते. त्यामुळं ट्रॉली आणि रस्त्याची कड यांच्या मधे सायकल कधीच घालू नका. मागून जाताना बाहेर आलेल्या उसाच्या टोकांपासून लांब राहा. कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, म्हणून आपल्याच पुढच्या दिव्यानं त्या दिसायला हव्यात. त्यासाठी ३०० लुमेनच्या आसपासचा दिवा लागतो. त्याचा झोत सहा-सात मीटर पुढं रस्त्यावर पडेल एवढा खाली झुकवा. सरळ लावला तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि तो आपल्याच अंगावर येतो. मागं लाल दिवा हवाच, शिवाय मडगार्डाला आणि दोन्ही घोट्यांना चमकणारी पट्टी. वरखाली होणारे पाय चालकाला लांबून ओळखू येतात.

सुगीत रस्त्यावर वाळत किंवा मळायला घातलेलं पीक दिसलं तर त्यावरून जाऊ नका. काड चेनीत गुंडाळतं आणि मागचा गिअर मोडतो.

दुसऱ्या शिफ्टवरून रात्री येणाऱ्यांच्या मागं कुत्री लागतात. पळवू नका. वेग कमी करा, उतरा, सायकल मधे धरून चाला. बहुतेक वेळा ती थांबतात. चावा किंवा ओरखडा झाला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस सुरू करा, जखम कितीही लहान असो.

८. आता गाडी

पावसाळा निघाला, वहीतले आकडे पटले, तर विक्रीकडं वळा. पटले नाहीत तर गाडी राहू द्या, पण उभी ठेवून खराब करू नका. आठवड्यातून एकदा २० मिनिटं चालवली नाही तर बॅटरी उतरते. थर्ड पार्टी विमा चालू ठेवावाच लागतो. विमा संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर साठलेला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो.

विकताना मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आरसी, चालू विमा आणि पीयूसी लागतात. गाडीवर कर्ज होतं तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लावून आरसीवरचा बोजा आधी उतरवा. नुसतं कर्ज फेडून तो उतरत नाही. गिऱ्हाईक केए-२२ किंवा केए-२३ च्या हद्दीतलं असेल तर काम सरळ आहे. आपल्याकडं चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरचं गिऱ्हाईकही येतं. त्याच्यासाठी इथल्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत पत्र) काढावी लागते आणि महाराष्ट्रातला कर त्याला नव्यानं भरावा लागतो, म्हणून तो किंमत पाडून मागतो. एनओसी हातात आल्याशिवाय आणि पूर्ण पैसे खात्यावर जमा झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. नाव बदलेपर्यंत गाडीनं काही केलं तर नोटीस आपल्याच पत्त्यावर येते.

फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाही तर हत्तरगी, कोगनोळी आणि गणेबैलच्या नाक्यांवर दुसऱ्याच्या फेऱ्यांचे पैसे आपल्या खात्यातून जात राहतात. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, आणि ते पत्र तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या विम्याला लावता येतं. आरसीवर नव्या मालकाचं नाव चढलं का, हे महिन्याभरानं परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून तपासा. चढलं नसेल तर एनओसीची आणि सह्या घेतलेल्या कागदाची प्रत घेऊन आरटीओत जा.